२०१६चा पावसाळा, फुटसाल आणि आम्ही सीमाभागातले

फुटबॉल हा आमच्या भागाला काही नवा खेळ नाही. बेळगावात कॅम्पातल्या शाळांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. निपाणीकरांचे कान मात्र नेहमी कोल्हापूरकडे. चाळीसेक किलोमीटरवर शाहू स्टेडियम. तिथे खंडोबा, पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस यांचा सामना असला की इकडच्या चहाच्या टपरीवरही दोन तट पडतात. तालमीच्या नावाने फुटबॉल खेळणारे गाव जगात दुसरे असेल की नाही, शंकाच आहे.

पण २०१६च्या जुलैत जो फुटबॉल टीव्हीवर आला, तो या सगळ्यांहून वेगळा होता. त्याला ना चिखल, ना पाऊस. छपराखालचा, लाकडी फरशीवरचा, गोलरक्षक धरून पाच-पाच जणांचा. नाव फुटसाल. १९३०मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने वायएमसीएच्या मुलांसाठी तो बसवला. मैदान साधारण ४० मीटर लांब, २० मीटर रुंद. चेंडू जरा लहान आणि कमी उसळणारा, त्यामुळे लांब फटके मारून भागत नाही. पाय आणि डोके दोन्ही चालावे लागते. ब्राझीलचे कितीतरी मोठे खेळाडू आधी यातच तयार झाले.

त्या वर्षी भारतात प्रीमियर फुटसाल ही व्यावसायिक लीग सुरू झाली. १५ ते २४ जुलै, म्हणजे अवघ्या दहा दिवसांचा हंगाम. सामने आधी चेन्नईत आणि मग गोव्यात. लीगचे अध्यक्ष पोर्तुगालचे लुईस फिगो, प्रचाराला विराट कोहली, गाण्याला ए. आर. रहमान. संघ सहा: मुंबई, गोवा, बेंगळुरू, चेन्नई, कोची आणि कोलकाता. मुंबईकडे रायन गिग्ज, बेंगळुरूकडे पॉल स्कोल्स, कोलकात्याकडे हर्नान क्रेस्पो, कोचीकडे मिशेल साल्गादो, गोव्याकडे रोनाल्डिन्हो. चेन्नईकडे फाल्काव होता, आणि जाणकारांच्या मते खरा राजा तोच; बाकीचे मोठ्या मैदानावरचे निवृत्त पाहुणे, हा मात्र हयात फुटसालमध्ये घालवलेला.

आता आमची पंचाईत बघा. सरकारी कागदावर आम्ही कर्नाटकातले, तेव्हा संघ बेंगळुरूचा. पण ते शहर बेळगावाहून 500 किलोमीटरवर. चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथे आमचे निम्मे पाहुणे-रावळे. आणि मन म्हणाल तर मुंबईकडे, ते का हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. पुणे नाही, कोल्हापूर तर नाहीच नाही. त्यामुळे एकाच घरात तीन संघ झाले. क्रिकेटच्या लीगमध्येही असेच होते म्हणा, पण तिथे निदान सवय झाली आहे.

१७ जुलैला गोवा आणि बेंगळुरू समोरासमोर आले. रोनाल्डिन्हो तेव्हा छत्तीस वर्षांचा, पोट थोडे सुटलेले. त्याने एकट्याने पाच गोल केले. गोवा ७, बेंगळुरू २. पळण्याची घाई नाही, तळपायाने चेंडू ओढायचा, समोरच्याला भलतीकडे पाठवायचे आणि हसायचे. ज्यांनी बेंगळुरूचा पक्ष घेतला होता, तेही त्या दिवशी वैर विसरले. पुढे तो लवकरच ब्राझीलला परतला आणि त्याच्या जागी काफू आला.

२४ जुलैच्या अंतिम सामन्यात मुंबई आणि कोची बरोबरीत राहिले, आणि पेनल्टींवर मुंबई जिंकली. आमच्याकडे त्याचा आनंद जरा जास्तच झाला.

हंगाम गाजला, पण त्याच्या मुळाशी एक भांडण होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या लीगला मान्यता दिली नव्हती. फुटसाल कोणाचा, यावर जगातही दोन संघटना आहेत, एक फिफा आणि दुसरी जुनी फुटसालवाल्यांची. ही लीग दुसऱ्या बाजूची. त्यात कात्रीत सापडला तो भारतीय पोरगा. महासंघाकडे नोंदलेल्या खेळाडूने इथे खेळावे तर तिकडची दारे बंद होण्याची धास्ती, न खेळावे तर अशी संधी पुन्हा कधी? दोन मोठ्यांच्या हद्दीच्या वादात राहणे म्हणजे काय, हे आम्हांला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या मते लीगचा खरा दोष इथेच होता. नावे परदेशी, गर्दी त्यांच्यासाठी, आणि आपल्या मुलांच्या वाट्याला थोडेसे.

२०१७मध्ये दुसरा हंगाम झाला आणि लीग थांबली. त्याच वर्षी सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तो कोल्हापूरचा अनिकेत जाधव, मोठ्या मैदानावरचा. महासंघाने स्वतःची फुटसाल क्लब स्पर्धा भरवली ती २०२१च्या नोव्हेंबरात दिल्लीला. मोहम्मडन स्पोर्टिंगला हरवून ती दिल्ली एफसीने जिंकली.

आपल्याकडे पावसात मैदानाचा रेंदा झाला की पोरे आता वर्गणी काढून तासाच्या भाड्याने टर्फ घेतात. रात्री दिव्यांच्या उजेडात पाच-पाच जण खेळतात. चेंडू मोठाच असतो आणि नियम ज्याच्या-त्याच्या सोयीचे.