बंदिस्त बाजाराची जन्मकथा

आपल्या मंडळात हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की, 'काल मॉलला गेलो होतो' हे वाक्य हमखास कानी पडते. कोणी साडी घेतलेली असते, तर कोणी नुसतीच गारव्याला बसून आलेली असते. पण हा मॉल मुळात कोणी बांधला व कशासाठी, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. मी ते हौसेने वाचून काढले, तेव्हा त्यात एका माणसाची मोठी चमत्कारिक हकिगत सापडली.

व्हिक्टर ग्रुएन हे त्या गृहस्थांचे नाव. त्यांचा जन्म १९०३ साली व्हिएन्ना शहरी एका ज्यू घराण्यात झाला. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा ज्यू लोकांना तेथे राहणे म्हणजे मरणच. एका मित्राने नाझी स्वयंसेवकाचा गणवेष अंगावर चढवला आणि ग्रुएन पतिपत्नींना विमानतळावर पोचवले. अमेरिकेत उतरले तेव्हा खिशात आठ डॉलर होते व इंग्रजी येत नव्हते. पण हातात कला होती. न्यूयॉर्कमध्ये एका चामडी वस्तूंच्या दुकानाची दर्शनी बाजू त्यांनी १९३९ साली अशी सजवली की, त्यांचे नाव झाले.

युद्धानंतर अमेरिकेतील मंडळी शहर सोडून दूर उपनगरांत घरे बांधू लागली. घर ऐसपैस, पुढे हिरवळ, दारी मोटार, सारे काही होते. पण शेजार नव्हता. यजमान कामावर गेले की बाई दिवसभर एकटी. मिठाची पुडी संपली तरी मोटार काढायची! ग्रुएन ह्यांना आपले व्हिएन्ना आठवे. तेथले चौक, तेथली कॉफीगृहे, एका पेल्यावर तासन् तास चाललेल्या गप्पा. उपनगरालाही असे एक अंगण हवे, असे त्यांनी मनात घेतले.

१९५२ साली मिनिआपोलिसच्या डेटन ह्या मोठ्या दुकानदार घराण्याने त्यांना जवळच्या ईडायना गावी बाजार बांधायला सांगितले. तिकडची थंडी भयंकर. बाहेर हिंडून सुखाने खरेदी करता येईल असे दिवस वर्षात जेमतेम सव्वाशे. म्हणून ग्रुएन ह्यांनी सबंध बाजारच एका छपराखाली घेतला. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी 'साउथडेल' उघडले. खर्च दोन कोटी डॉलर, दुकाने ७२, मोटारींसाठी जागा ५,२००. पहिल्याच दिवशी पाऊण लाख माणसे लोटली म्हणतात.

पूर्वीच्या दुकानांची तोंडे रस्त्याकडे असत. येथे ती आत वळली आणि बाहेर कोऱ्या भिंती राहिल्या. मजले दोनच ठेवले, म्हणजे फार चालावे लागू नये. मध्ये मोठा चौक. त्यात झाडे, माशांचे तळे, रंगीबेरंगी पक्ष्यांचा २१ फुटी पिंजरा आणि कॉफीचे दुकान. हवा वर्षभर सुमारे २४ अंशांची. बाहेर बर्फ पडत असताना आत बाया लोकरीचा कोट काढून निवांत बसत! मला तर सगळ्या कथेत हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्याकडे मंडईत दोन पिशव्या घेऊन फिरणाऱ्या बाईला टेकायला बाक नसतो आणि स्वच्छतागृहाविषयी तर लिहायलाच नको. मॉलमध्ये जाणाऱ्या बायकांना उधळ्या म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पण ग्रुएन ह्यांचा बेत बाजारापुरता नव्हता. सुमारे पाचशे एकरांत घरे, शाळा, दवाखाने, बाग, तळे असे सगळे गावच त्यांनी योजले होते. बाजार नफ्यात चालला, भोवतीच्या जमिनीला भाव आला आणि योजना विस्कटली. भोवती राहिला तो मोटारतळ! शिवाय १९५४ च्या एका करसवलतीमुळे नव्या इमारतींत पैसा गुंतवणे अमेरिकेत भलतेच फायद्याचे झाले होते. गावोगाव तसलेच मॉल उठले; नक्कल झाली ती छपराची व मोटारतळाची. जुन्या शहरांतले बाजार मात्र ओस पडले. १९६८ साली ग्रुएन उबगून व्हिएन्नाला परतले, तर १९७६ मध्ये शहराच्या वेशीवरच एक अवाढव्य मॉल उघडला! १९७८ साली लंडनच्या एका भाषणात त्यांनी असल्या इमारतींचे पितृत्व साफ नाकारले. १९८० साली ते वारले.

आपल्या मुंबईत हाजीअलीजवळ 'क्रॉसरोड्स' १९९९ साली उघडला. गर्दी आवरेना, म्हणून आरंभी मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड जवळ नसेल त्याला आत जायला साठ रुपये पडत. त्या वेळी मोबाइल कितीशा घरांत होता? म्हणजे अंगणाला दार आले आणि दारावर तिकीट! हा नियम फार दिवस टिकला नाही, हे बरे झाले. मग उपनगरांची पाळी आली. मालाडला २००४ साली 'इनॉर्बिट', घाटकोपरला २००९ साली 'आर सिटी', कुर्ल्याला २०११ साली 'फिनिक्स'. आज आत जायला पैसे पडत नाहीत. पण नुसते बसायचे म्हटले तर बाक मोजकेच, खुर्च्या बहुतेक खाण्याच्या दुकानांपुढे.

तिकडे साउथडेल अजून उभे आहे. कपड्यांचे एक मोठे दुकान बंद पडले, त्या जागी २०१९ साली व्यायामशाळा आली. आणि मोटारतळाच्या एका कोपऱ्यात २०१४ च्या सुमारास राहत्या घरांच्या इमारती उठल्या, ग्रुएन ह्यांनी कागदावर आखल्यानंतर साठ वर्षांनी.