पाटीएवढा संगणक : सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरची पन्नास वर्षं

आज आपण ज्या वस्तूबद्दल बोलणार आहोत ती पत्त्यातल्या पानाएवढी आहे. हिरवी पाटी, तिच्यावर चारदोन काळ्या चिप्स, कडेला तारा खुपसायला जागा. डबा नाही, पंखा नाही, कीबोर्ड नाही. हा संपूर्ण संगणक आहे म्हटलं तर पटत नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसानं या पाटीत का डोकं घालावं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंच असेल. त्याचं उत्तर अ‍ॅरिस्टॉटलकडे आहे. ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात तो वहाणेचं उदाहरण देतो. वहाण पायात घालता येते आणि वहाण देऊन दुसरं काही घेताही येतं. दोन्ही तिचेच उपयोग, पण वहाण ज्यासाठी जन्माला आली तो उपयोग पहिला. आपल्या या पाटीच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे. ती कशासाठी जन्माला आली, आणि आज तिचा उपयोग कशासाठी होतो?

सुरुवात थोडी मागून करू. सिंगल-बोर्ड म्हणजे काय, तर प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या जगाशी बोलायची दारं, हे सगळं एकाच पाटीवर. १९७५ च्या सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्कॉन प्रदर्शनात मॉस टेक्नॉलॉजी नावाच्या कंपनीनं आपला ६५०२ हा प्रोसेसर २५ डॉलरला विकायला काढला. बाकीच्यांचे प्रोसेसर त्या वेळी याच्या कितीतरी पट महाग होते. प्रदर्शनाच्या दालनात विक्रीला बंदी, म्हणून कंपनीनं जवळच्या हॉटेलात खोली घेतली आणि काचेच्या बरण्यांत चिप्स भरून ठेवल्या. बरणीतल्या तळाच्या चिप्स बाद माल होता, वरच्या तेवढ्या चालणाऱ्या, असं त्या प्रोसेसरचे जनक चक पेडल पुढे मिश्कीलपणे सांगत. व्यापार असाच असतो.

हा प्रोसेसर अभियंत्यांनी हाताळून बघावा म्हणून १९७६ मध्ये कंपनीनं एक पाटी काढली, किम-१. किंमत २४५ डॉलर, मेमरी एक किलोबाइट. एक किलोबाइट म्हणजे किती? आजच्या युनिकोडमध्ये मराठी मजकुराच्या जेमतेम चार-पाच ओळी. २३ बटणं आणि सहा आकडे दाखवणारे लाल दिवे. विकत घेणार होते अभियंते, पण हौशी लोकांनीच ती उचलली. त्याच वर्षी स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी याच ६५०२ वर आपली पाटी बांधली, ती अ‍ॅपल-१.

आपल्याकडे ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा डिग्री केली आहे, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांतलं ८०८५ चं किट आठवा. तेच ते हेक्स कीपॅड, तेच लाल आकडे, आणि जर्नलमध्ये दोन संख्यांची बेरीज करणारा प्रोग्राम. हे किट म्हणजे त्याच कुळातलं. त्याच्यावर बेरीज करायला दहा मिनिटं लागत, पण बेरीज कुठे होते हे दिसत असे. हे आपण लक्षात ठेवू.

आता इंग्लंडमध्ये जाऊ, कारण आपली आजची पाटी तिथली. १९८० च्या सुमारास बीबीसीनं ठरवलं की देशाला संगणक शिकवायचा. नुसते टीव्हीचे कार्यक्रम करून भागणार नाही, लोकांच्या हातात यंत्रही हवं. केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीपुढे प्रश्न होता की बीबीसीच्या माणसांना चालतं यंत्र दाखवायचं, आणि हातात आठवडाही नाही. कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक, हर्मन हाउझर, यांनी एक लोणकढी थाप मारली. सोफी विल्सन यांना सांगितलं की फर्बर म्हणतात आठवड्यात होईल, आणि स्टीव्ह फर्बर यांना सांगितलं की विल्सन म्हणतात होईल. यंत्र झालं, आणि कामही मिळालं. १९८१ च्या डिसेंबरमध्ये बीबीसी मायक्रो बाजारात आला, तोच ६५०२, ‘बी’ मॉडेलला ३२ किलोबाइट मेमरी. अंदाज होता बारा हजार विकले जातील. अखेर दहा लाखांहून कितीतरी जास्त गेले. शाळांना सरकारनं निम्मी किंमत दिली.

पण आकड्यांपेक्षा एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. हे यंत्र सुरू केलं की ‘बीप’ असा आवाज येई, पडद्यावर दोन-तीन ओळी उमटत, आणि त्यांच्याखाली एक कोनी खूण लुकलुकत राही. बस्स. चित्रं नाहीत, मेनू नाही. यंत्र तुमच्याकडे बघत थांबलेलं. तुम्ही बेसिक भाषेत काही लिहिलं तर ते हलणार, नाहीतर रात्रभर तसंच बसणार. खेळ खेळायचा असला तरी आधी त्या खुणेपुढे काहीतरी टाइप करावं लागे. त्या काळच्या मुलांना प्रोग्रामिंग ‘शिकवलं’ गेलं असं म्हणणं पूर्ण खरं नाही. दारातच ते उभं होतं, चुकवून आत जाता येत नव्हतं.

ही यंत्रं आपल्याकडेही आली. १९८४ मध्ये भारत सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला देशभरातल्या सुमारे २५० शाळा, आणि यंत्र हेच, बीबीसी मायक्रो. मग तीच मुलं, तेच यंत्र, तीच लुकलुकणारी खूण, असं असूनही इंग्लंडमध्ये झालं ते इथे का झालं नाही? आमच्या पिढीतल्या शिक्षकांना विचारा. शाळेत संगणकाची खोली म्हणजे देवघर. चपला बाहेर काढायच्या, धूळ नको, पडदे ओढलेले, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. बिघडलं तर जबाबदार कोण? या एका प्रश्नापायी यंत्राला कोणी हात लावत नसे. महाग वस्तू हातात देता येत नाही. ज्याला हात लावता येत नाही ते शिकवू शकत नाही. इंग्लंडमध्ये ते यंत्र शाळेइतकंच घरातही होतं, आणि घरातल्या टेबलावरच्या वस्तूला किल्ली नसते.

पुढचा टप्पा एकॉर्नमध्येच घडला. नवा प्रोसेसर हवा होता, पण बाजारातले पसंत पडेनात, म्हणून विल्सन आणि फर्बर यांनी स्वतःच तो आखला. आपण त्यांना दोनच गोष्टी दिल्या, पैसा नाही आणि माणसं नाहीत, असं हाउझर नंतर सांगत. अडचणीतून साधेपणा आला. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप आली आणि पहिल्याच फटक्यात चालली. फर्बर यांनी वीज किती खाते ते मोजायला मीटर लावला, तर काटा शून्यावर. मागाहून कळलं की वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता! इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती चालत होती. हाच एआरएम. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. शाळकरी यंत्र बनवणाऱ्या कंपनीतून हे निघालं, हा योगायोग आहे असं आम्हाला वाटत नाही.

नंतर वीस वर्षांत काय झालं ते थोडक्यात. संगणक स्वस्त झाले, सोपे झाले, घरोघरी गेले, आणि ती लुकलुकणारी खूण पडद्यामागे गेली. शाळेत संगणक म्हणजे टायपिंग आणि सादरीकरण. २००६ च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठातल्या एबन अप्टन यांच्या ध्यानात आलं की संगणकशास्त्राला येणारे अर्ज झपाट्यानं घटताहेत, आणि येणाऱ्या मुलांनी यंत्राला आतून कधी हात लावलेला नसतो. त्यांनी व सहकाऱ्यांनी एक प्रतिष्ठान स्थापलं आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय विक्रीला काढला. ३५ डॉलर, २५६ मेगाबाइट मेमरी, आणि प्रोसेसर अर्थातच एआरएम. मॉडेलांना ‘ए’ आणि ‘बी’ ही नावं बीबीसी मायक्रोवरूनच. दहा हजार खपतील असा हिशेब होता. पहिल्याच सकाळी विक्रेत्यांच्या वेबसाइट कोलमडल्या. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये पाच डॉलरचा ‘झिरो’ आला, तोही एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून, फुकट.

या पाटीचं खरं कौतुक मेमरीत नाही. तिला हार्ड डिस्क नाही, सगळं एका नखाएवढ्या कार्डावर. मुलानं सगळं बिघडवलं तर काय करायचं? कार्ड पुसायचं, पुन्हा लिहायचं. ओल्या फडक्यानं पुसायच्या आपल्या दगडी पाटीसारखंच. आणि कडेला पिनांची रांग असते, आज ४० पिना. त्यांना दिवा जोडा, मोटर जोडा, तापमान मोजणारा सेन्सर जोडा. एक ओळ लिहिली की टेबलावर खराखुरा दिवा लागतो. शब्दानं वस्तू हलते, हा अनुभव बारा वर्षांच्या मुलाला दहा व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवतो, आमच्या व्याख्यानांसकट.

पाटी पुढे दणकट होत गेली. २०१९ चा पाय ४, २०२३ चा पाय ५. पाय ५ च्या आठ गिगाबाइटवाल्या पाटीची मेमरी बीबीसी मायक्रोच्या अडीच लाखांहून अधिक पट आहे. आता ही पाटी काय करत नाही ते विचारा. घरातला टीव्ही चालवते, जाहिराती गाळते, शेतातली ओल मोजून पंप चालू-बंद करते, कॅमेऱ्यातून माणूस आणि मांजर वेगळं ओळखते. २०१५ च्या डिसेंबरमध्ये दोन पाट्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेल्या आणि शाळकरी मुलांनी लिहिलेले प्रोग्राम तिथे चालले. आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो उपयोग साधा आहे. नेट येत-जात असलेल्या गावातल्या शाळेत एक पाटी ठेवा, तिच्या कार्डावर किविक्समधून उतरवलेला मराठी विकिपीडिया आणि ‘कोलिब्री’मधले धडे भरा. वर्गातले मोबाइल आणि टॅब तिच्या वाय-फायला जोडले की नेट नसतानाही ग्रंथालय उघडं. भारनियमनात पॉवर बँकेवर चालते. मात्र वीज अचानक गेली तर कार्डावरचा मजकूर बिघडू शकतो, तेव्हा एक प्रत तयार ठेवावी, हा व्यवहारातला सल्ला.

दुसरी बाजूही आहे. २०१८ मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या जाळ्यात चोर शिरले, ते कोणीतरी परवानगीविना जोडून ठेवलेल्या अशाच एका पाटीतून. पाटी बिचारी निष्पाप, पण इतकी स्वस्त आणि इतकी छोटी वस्तू कोण कुठे जोडून विसरून गेलं, हे कळत नाही.

खरा पेच आला तो २०२१ मध्ये. जगभर चिप्सचा दुष्काळ पडला. ऑक्टोबरमध्ये दोन गिगाबाइटच्या पाय ४ ची किंमत ३५ वरून ४५ डॉलर झाली, रास्पबेरी पायच्या इतिहासातली पहिली दरवाढ. पण दरवाढ सोसली असती, पाटी मिळायलाच तयार नव्हती. आपल्याकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड घ्या नाहीतर पुण्याची तपकीर गल्ली, मागणाऱ्याला ‘स्टॉक नाही’ हेच उत्तर. मग ज्या थोड्या पाट्या बनत होत्या त्या कोणाला द्यायच्या? एव्हाना शेकडो लहान-मोठ्या कंपन्यांनी आपल्या यंत्रांच्या पोटात ही पाटी बसवली होती. अप्टन यांनी उघडपणे सांगितलं की आम्ही या उद्योगांना आधी पुरवठा करतो आहोत, त्यांच्यावर माणसांची पोटं अवलंबून आहेत. हौशी माणूस आणि शाळकरी मुलगा रांगेत मागे गेले.

हा निर्णय चूक होता का? मुलांसाठी जन्मलेली वस्तू मुलांच्या हातून काढून कारखान्याला दिली, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण कंपनीच्या नफ्यातून प्रतिष्ठानाच्या शिक्षणाच्या कामाला पैसा मिळत होता, आणि ज्या छोट्या उद्योजकानं विश्वासानं या पाटीवर धंदा उभा केला त्याला वाऱ्यावर सोडणं हेही न्याय्य नव्हे. आमच्या मते निर्णय समर्थनीय होता. पेच त्याच्याही आधीचा आहे. पाटी शक्तिशाली झाली म्हणून ती उद्योगाला उपयोगी पडली, आणि उपयोगी पडली म्हणून मुलांना दुर्मिळ झाली. २०२४ च्या जूनमध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिच्या विक्रीतला मोठा वाटा उद्योगांचाच होता. अ‍ॅरिस्टॉटलची वहाण आठवा. इथे तर वहाण ज्यासाठी शिवली तो पायच बदलला.

शक्तीचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. पाय ५ सुरू केला की समोर येतो नेहमीचा डेस्कटॉप. चित्रं, खिडक्या, ब्राउझर. मूल पहिल्या मिनिटाला व्हिडिओ लावतं. त्याला कोण दोष देणार? यंत्र आता थांबून वाट बघत नाही. १९८१ ची ती खूण आहे, पण आत कुठेतरी, शोधावी लागते.

गंमत अशी की याला उत्तर त्याच कंपनीतून आलं, आणि ते दणकट नव्हतं. २०२१ च्या जानेवारीत त्यांनी ‘पिको’ काढला. चार डॉलरची पाटी, चिप त्यांची स्वतःची, त्यामुळे दुष्काळातही ती मिळत राहिली. मेमरी २६४ किलोबाइट, म्हणजे बीबीसी मायक्रोच्या सुमारे आठ पट फक्त. तिच्यावर व्हिडिओ बघता येत नाहीत, नेट उघडत नाही. शाळेतल्या कुठल्याही जुन्या संगणकाला केबलनं जोडायची, मायक्रोपायथन टाकायचं, आणि पडद्यावर तीन कोनी खुणा येतात. त्यांच्यापुढे काही लिहीपर्यंत ती तशीच थांबून राहते.