संशोधनाचा प्रकल्प ठरतो कुठं? इगतपुरी केंद्राची गोष्ट

"विद्यापीठाचे प्रयोग वरनं ठरतात, आपला काय संबंध?" असं घोटीच्या बाजारात बऱ्याचदा ऐकतो. मागचा इतिहास पाहिला तर तसं नाही.

1979 पासून जागतिक बँकेच्या मदतीने राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प सुरू झाला. त्यात विद्यापीठांना सांगितलं गेलं: पाऊस-मातीप्रमाणे राज्याचे विभाग पाडा, तिथल्या शेतीच्या अडचणी आधी लिहा, मग पैसा मागा. महाराष्ट्राचे 9 विभाग पडले. घाटमाथ्याचं विभागीय केंद्र आलं आपल्या शेजारी, इगतपुरीला, राहुरी विद्यापीठाखाली. म्हणून भात, नागली, वरई, खुरासणीवर इथंच काम होतं. खुरासणीचा आयजीपी 76 हा वाण इथलाच.

प्रस्तावाची वाट लांब असते. आधी केंद्रावर चाचणी, मग अनेक ठिकाणी, मग शेतकऱ्याच्या वावरात. शेवटी चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत (जॉइंट अ‍ॅग्रेस्को) आकडे तपासतात, तेव्हा कुठं शिफारस निघते. यात कित्येक हंगाम जातात. मधेच माणूस बदलला, निधी आटला की काम रखडतं.

म्हणून माझं म्हणणं, भात लोळला, करपा पडला तर नुसतं पारावर बोलू नका. वाण, लावणीची तारीख, खत वहीत लिहा आणि केंद्रावर नेऊन द्या. चाचणीला दोन गुंठे मागितले तर द्या. आपली अडचण कागदावर गेली नाही, तर तिच्यावर प्रकल्प मागणार कोण?