आरएनएची बदलती आकृती आणि तिचे कार्य : एका विचाराचा इतिहास

प्रस्तावना :

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरएनएचा पहिला परिचय बहुधा ‘निरोप्या’ म्हणून होतो. डीएनएतील माहिती घ्यावी व प्रथिननिर्मितीच्या ठिकाणी पोहोचवावी, एवढेच त्याचे काम समजले जाते. ही समजूत अपुरी आहे. आरएनएची साखळी स्वतःवरच दुमडते आणि ती कशी दुमडते यावर तिचे पेशीतील कार्य अवलंबून असते. ही जाणीव कशी दृढ होत गेली व तीत मुंबईत शिकलेल्या एका संशोधकाचा वाटा कोणता, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आकृतीचा शोध :

1965 मध्ये रॉबर्ट हॉली यांनी यीस्टमधील एका वाहक आरएनएच्या 77 घटकांचा क्रम प्रसिद्ध केला. त्यातील परस्परपूरक भाग जुळविले असता साखळीला बेलाच्या त्रिदलासारखा आकार येतो, असे दिसले. हॉली यांना 1968 चे नोबेल पारितोषिक हरगोविंद खुराना व मार्शल निरेनबर्ग यांच्यासमवेत मिळाले. 1974 मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने वाहक आरएनएची त्रिमितीय रचना स्पष्ट झाली. हे त्रिदल पुन्हा दुमडून इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखे होते; एका टोकाला अमिनो आम्ल, तर दुसऱ्या टोकाला संदेश वाचणारी तीन अक्षरे असतात.

1982 मध्ये थॉमस चेक यांनी टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातील एकपेशीय जीवाचा आरएनए प्रथिनाच्या मदतीविना स्वतःतील एक भाग कापून वेगळा करतो, हे दाखविले. विकराचे काम फक्त प्रथिनेच करतात, ही धारणा त्यामुळे ढासळली. 1989 चे रसायनशास्त्राचे नोबेल चेक व सिडनी ऑल्टमन यांना मिळाले.

बदलत्या आकृतीचे नियमन :

आरएनएची आकृती बदलून जनुकाचे नियमन होते, हे 1970 च्या दशकात चार्ल्स यानोफस्की यांच्या ट्रिप्टोफॅनविषयक संशोधनातून पुढे आले. तेथे कोणती घडी पडावी हे रायबोसोमच्या गतीवर ठरते. 2002 मध्ये ‘रायबोस्विच’ उजेडात आले. यात पेशीतील लहान रेणू थेट संदेशवाहक आरएनएला चिकटतो, साखळीची घडी बदलते आणि जनुकाचे कार्य थांबते किंवा सुरू होते.

या घडीचे प्रत्यक्ष दर्शन घडविणाऱ्यांत दिनशॉ पटेल यांचे नाव महत्त्वाचे आहे. मुंबईत जन्मलेल्या पटेल यांनी 1961 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली व पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क येथील त्यांच्या गटाने 2004 मध्ये अ‍ॅडेनिन व ग्वानिन ओळखणाऱ्या रायबोस्विचांच्या रचना प्रसिद्ध केल्या. दोन्हींची घडण जवळजवळ सारखीच आहे. मात्र एका मोक्याच्या जागी एकात यू, तर दुसऱ्यात सी हा घटक असतो. तेवढ्याने कोणता रेणू स्वीकारायचा हे ठरते. 2006 मध्ये याच गटाने ‘ब-1’ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप ओळखणाऱ्या रायबोस्विचची रचना मांडली. त्यात आरएनए त्या रेणूची दोन टोके दोन वेगळ्या कप्प्यांत धरून ठेवतो.

समारोप :

या इतिहासातून असे दिसते की, अक्षरांचा क्रम कळणे ही आरएनएच्या आकलनाची केवळ पहिली पायरी होय. निरोप्या स्वतःच परिस्थिती जोखतो आणि निरोप द्यावा की नाही, हे ठरवितो. केजसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात क्ष-किरण स्फटिकशास्त्राची प्रयोगशाळा नसली, तरी या रचना प्रोटीन डेटा बँकेत सर्वांसाठी विनामूल्य खुल्या आहेत. संगणकाच्या पडद्यावर त्या फिरवून पाहणारा विद्यार्थी आरएनएचे तीन प्रकार केवळ पाठ करणार नाही. त्यांची आकृती अशीच का, असा प्रश्न तो विचारू लागेल.