1531 ची बाटली आणि एक शब्द

दक्षिण फ्रान्समधल्या लिमू गावच्या फेसाळ वाइनचं नाव ब्लांकेत. तिच्याबद्दल वाचायला घ्या, 1531 हा आकडा भेटणारच. दावा असा की जवळच्या सेंत-इलेर मठातल्या बेनेडिक्टाइन साधूंनी ती त्या साली केली. शँपेनवाल्या दोम पेरिन्योंचा जन्मच 1638 चा, म्हणजे लिमू पहिलं. झालं सिद्ध? थांबा जरा.

'ब्लांकेत'चा मूळ अर्थ नुसता 'पांढुरकी'. जुन्या कागदात हा शब्द सापडला तरी बुडबुडे सापडत नाहीत. ते आपण आजच्या अर्थातून मागे नेतो. बुडबुडे अशक्य होते असंही नाही. थंडीत आंबणं अर्धवट थांबतं, वसंतात बंद बाटलीत पुन्हा सुरू होतं आणि वायू आत अडकतो. पण असं आपोआप होणं वेगळं, मुद्दाम करणं वेगळं. आणि तेव्हाची नाजूक काच तो दाब किती सोसणार? कोळशाच्या भट्टीतली जाड, मजबूत बाटली इंग्लंडात 17 व्या शतकात आली.

आता खाण्याचं. (हे विचारल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही!) कोरडी ब्लांकेत शँपेनसारखी बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात, तिच्यासोबत शेळीच्या दुधाचं चीज घ्या. जुन्या पद्धतीची मात्र गोडसर आणि सौम्य असते. तिच्या मोझाक द्राक्षाला सफरचंदासारखा वास येतो, म्हणून सोबत सफरचंदाचा टार्ट. वादातल्या त्या जुन्या वाइनच्या जवळची चव हवी असेल, तर हीच मागवा.