बहात्तराव्या हिश्श्यातलं लिबरेटर

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सर्वाधिक संख्येनं बांधलेलं लष्करी विमान म्हणजे बी-२४ लिबरेटर. चार इंजिनांची ही बॉम्बफेकी विमानं १८ हजारांहून अधिक तयार झाली. मिशिगनमधल्या विलो रन इथल्या फोर्डच्या कारखान्यात काम ऐन भरात होतं तेव्हा जवळपास दर तासाला एक विमान बाहेर पडत असे. त्याच्या पंखांचा विस्तार ११० फूट. हेच विमान १:७२ या प्रमाणात उतरवलं की पंख साधारण सव्वाअठरा इंचांचे होतात आणि घरातल्या टेबलावर मावतात. आज जगभर सुट्या भागांच्या खोक्यांत, म्हणजे किटमध्ये, अशी विमानं मिळतात. मात्र या छंदाची पाळंमुळं खेळण्यांच्या दुकानात जेवढी आहेत, तेवढीच युद्धाच्या गरजेतही आहेत.

१:७२ हा आकडा फूट-इंचांच्या हिशेबातून आला. या प्रमाणात एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणून सहा फुटी वैमानिक एका इंचाचा होतो. १९३२ साली इंग्लंडमध्ये ‘स्कायबर्ड्‌स’ नावानं लाकडी विमानांचे संच विकायला आले आणि त्यांनी हे प्रमाण रूढ केलं. १९३६ साली ‘फ्रॉग’ कंपनीनं ‘पेंग्विन’ ही मालिका काढली. हे संच प्लॅस्टिकचे होते आणि त्यांतली विमानं उडणारी नव्हती, म्हणून नाव न उडणाऱ्या पक्ष्याचं. पण ते प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेटचं होतं. काळ गेला की ते वाकडं होई.

मग युद्ध आलं आणि या हस्तकौशल्याला वेगळंच काम मिळालं. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे तोफेवरच्या सैनिकाला काही क्षणांत ठरवावं लागे. चूक झाली तर आपलीच माणसं मरत. १९४२च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलानं देशभरातल्या शाळांना साद घातली: ५० प्रकारच्या विमानांची प्रत्येकी १० हजार, म्हणजे एकूण पाच लाख मॉडेलं हवीत. प्रमाण १:७२. विद्यार्थी लाकूड तासत, पुठ्ठ्याचे साचे लावून पंखांचा आणि धडाचा आकार पडताळून पाहत, आणि शेवटी मॉडेल काळ्या रंगात रंगवत. रंग काळाच का? कारण दूरच्या विमानाची चिन्हं दिसत नाहीत, दिसते ती फक्त आकृती. असं मॉडेल ३५ फुटांवर धरलं की ते २,५२० फुटांवरच्या, म्हणजे जवळपास अर्ध्या मैलावरच्या, खऱ्या विमानाएवढं दिसतं. प्रशिक्षणाच्या खोलीत छताला टांगलेल्या अशा मॉडेलांवर सैनिकांचे डोळे तयार झाले.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन आलं. पोलादी साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबानं भरायचं तंत्र रुळलं आणि किट शाळकरी मुलांच्या खिशाला परवडू लागलं. हंगेरीत जन्मलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ साली लंडनमध्ये स्थापन केलेल्या एअरफिक्स कंपनीनं १९५३ साली स्पिटफायर, १९५८ साली लँकेस्टर आणि १९६३ साली लिबरेटरचं किट बाजारात आणलं. विमान हाताळलेले वैमानिक तेव्हा तिशी-चाळिशीत होते आणि त्यांची मुलं त्याच विमानांचे भाग जोडत होती.

लिबरेटर जोडणं सोपं नाही. खऱ्या विमानाचे पंख लांब आणि अरुंद. मॉडेलमध्ये ते एका रेषेत बसले नाहीत, तर समोरून पाहताच दोष कळतो. पोट खोल आणि बॉम्बकक्षाचे दरवाजे खाली उघडणारे नाहीत. ते दुकानाच्या शटरसारखे धडाच्या बाजूंवर गुंडाळले जातात. दरवाजे उघडे दाखवायचे, तर आतली जेमतेम वीतभर रुंदीची पायवाट आणि तिच्या दोन्ही बाजूंचे बॉम्ब, सगळंच करावं लागतं. जोडांच्या फटींत लांबी भरायची, ती वाळली की ओल्या पॉलिश पेपरनं घासायची, आणि घासताना पुसलेल्या पत्र्याच्या रेषा टोकदार सुईनं पुन्हा कोरायच्या. नाकाखाली चाक असलेलं हे विमान मॉडेलमध्ये हमखास शेपटीवर बसतं. त्यासाठी नाकात शिसं भरावं लागतं, पण नाक आहे काचेचं, वजन लपवायला जागा नाही. मग वैमानिकाच्या पायाखालच्या आणि पुढच्या चाकाच्या आजूबाजूच्या सांदीत शिशाचे तुकडे चिकटवायचे. हे सगळं धडाचे दोन अर्धे भाग जोडण्याआधीच. नंतर आठवलं तर उपयोग नाही.

पण खरी परीक्षा डेकल, म्हणजे विमानावरची चिन्हं आणि क्रमांक उमटवणारे पातळ छाप, लावताना येते. ‘लिबरेटर’ करून भागत नाही. कुठलं लिबरेटर, कुठल्या तुकडीचं, कुठल्या वर्षीचं, हे ठरवावं लागतं. क्रमांक एकदा ठरला की त्या विमानाचा सगळा इतिहास शोधणं आलं. आणि इथेच भारतीय छंदिष्टाला स्वतःच्या देशाची एक विलक्षण कथा सापडते.

ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर विमानं युद्धकाळात पूर्व भारतातल्या तळांवरून ब्रह्मदेशातले रेल्वेमार्ग आणि पूल उद्ध्वस्त करत होती. ती अमेरिकेकडून उसनवारीच्या करारानं आलेली. युद्ध संपल्यावर ती परत द्यायची किंवा निकामी करायची होती. कानपूरला अशी कितीतरी विमानं तोडफोड करून टाकून देण्यात आली. स्वातंत्र्यानंतर भारताला बॉम्बफेकी विमानं हवी होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यानं हाच भंगारमाल उचलायचं ठरवलं. उडण्याइतपत डागडुजी करून कॅप्टन जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी ही विमानं एकेक करून कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. चाळीसच्या आसपास विमानं अशी पुन्हा उभी राहिली. नोव्हेंबर १९४८पासून ती भारतीय हवाई दलाच्या पाचव्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल होऊ लागली. पुढे पुण्यातल्या सहाव्या स्क्वॉड्रननं समुद्रावरच्या टेहळणीसाठी ती वापरली. १९६८ सालच्या अखेरीस त्यांना निरोप दिला गेला. तोवर बाकी जगातली बहुतेक लिबरेटर भंगारात वितळून गेली होती.

म्हणूनच जगातल्या संग्रहालयांना लिबरेटर हवं झालं तेव्हा ती भारताच्या दारात आली. कॅनडानं लायसँडर विमान देऊन त्याच्या बदल्यात एक नेलं. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातलं लिबरेटर १९७४ साली भारतातूनच उडत गेलं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयातलंही इथलंच. दिल्लीच्या पालम इथल्या हवाई दल संग्रहालयात एचई ९२४ या क्रमांकाचं लिबरेटर आपल्यासाठी राखलेलं आहे.

या विमानानं माणसं मारली, शहरं जाळली, हे मॉडेल करणाऱ्यानं विसरता कामा नये. दहा-अकरा जणांचा ताफा त्यात असे आणि त्यांतले कितीतरी परतले नाहीत. प्रमाण, क्रमांक, रंग यांबाबत काटेकोर राहणं म्हणजे त्या माणसांशी प्रामाणिक राहणंच आहे.

लिबरेटरचं किट हातात घेणाऱ्या मराठी वाचकानं एक करावं: खोक्यावरचं चित्र बाजूला ठेवून एचई ९२४ निवडावं, केशरी-पांढरा-हिरवा गोल पंखांवर उमटवावा, आणि शक्य असेल तर आधी पालमला जाऊन मूळ विमान चारही बाजूंनी पाहून यावं.