पित्याचीं वाहनें

घरांतलें वडीलधारें माणूस थकलें, त्याच्या शुश्रूषेस रात्रंदिवस माणूस ठेवावें लागलें आणि औषधपाण्याचा खर्च दरमहा वाढूं लागला, म्हणजे मुलांची नजर घरांतल्या चीजवस्तूंकडे वळते. जमीन विकावी तर ती सर्वांची असते. सोनें काढावें तर तें लेकीसुनांच्या वांट्याचें ठरून गेलेलें असतें. अशा वेळीं वडिलांनीं हौसेनें जमविलेल्या, आवारांत पत्र्याच्या छपराखालीं झांकून ठेविलेल्या जुन्या मोटारी डोळ्यांपुढें येतात. त्या विकाव्या कीं नाहीं? विकाव्या तर कोणीं, केव्हां, आणि आलेला पैसा कोणाचा? प्रश्न नव्या काळाचा दिसतो खरा. परंतु माणूस आणि त्याचें वाहन यांच्या नात्याचा विचार आपल्या समाजानें फार पूर्वीं केलेला आहे. त्या इतिहासाच्या आधारें ह्या प्रश्नाचें उत्तर कोठें सांपडतें तें आज पाहूं.

वऱ्हाडासह भारताच्या बहुतेक भागांत हिंदु वारशाचा कायदा ज्या ग्रंथावर उभा राहिला तो ग्रंथ म्हणजे मिताक्षरा. कल्याणीच्या चालुक्यांचा सहावा विक्रमादित्य राज्य करीत असतां, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभीं, विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. भावांच्या वांटणींत कोणत्या वस्तु धरूं नयेत याची चर्चा करितांना तो मनूचा आधार घेतो. त्या वस्तूंच्या यादींत वस्त्रें आणि अलंकार आहेत, तसेंच वाहनही आहे. घोडा असो वा पालखी असो, ज्याच्या बसण्यांत जें वाहन असेल तें त्याचेंच राहावें, असा त्याचा आशय आहे. वाहन म्हणजे नुसतें द्रव्य नव्हे. अंगावरील वस्त्राप्रमाणें तें माणसाच्या देहाशीं जडलेलें असतें, अशी ह्यामागची दृष्टि दिसते. मात्र घोडे पुष्कळ असतील आणि त्यांची खरेदीविक्री हाच उपजीविकेचा धंदा असेल, तर त्यांची वांटणी होते, असा विवेकही ग्रंथकार करितो.

पुढें एक बारीक गोष्ट आहे. पित्याच्या वापरांतलें वाहन त्याच्या मृत्यूनंतर कोणाचें? बृहस्पतीच्या वचनाच्या आधारें मिताक्षरा सांगते कीं, पित्याचीं वस्त्रें, अलंकार, शय्या, वाहन इत्यादि वस्तु गंधपुष्पांनीं पूजून श्राद्धभोजन करणाऱ्यास अर्पण कराव्या. म्हणजे मुलांनीं त्या वस्तु आपसांत वांटून घ्याव्या हें शास्त्रास रुचलें नाहीं. त्याच धर्मशास्त्रानें वृद्ध आईबापांचें पोषण हें कोणत्याही अडचणीची सबब सांगून न टळणारें कर्तव्य मानलें आहे. हीं दोन मतें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. जें वाहन मरणानंतर पित्याच्या नांवें द्यावयाचें, तें त्याच्या जिवंतपणीं त्याच्याच अंथरुणाच्या आणि औषधाच्या कामीं आलें, तर त्यांत शास्त्राचा भंग होत नाहीं. उलट हेतु अधिक चांगल्या रीतीनें साधतो, असें मला वाटतें.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे वळूं. येथें वाहनांची हौस आली ती कापसाच्या पैशामागून. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि आपल्या काळ्या जमिनींतल्या कापसास कधीं मिळाला नव्हता असा भाव आला. १८६७ सालीं रेल्वेचा फांटा अकोला, बडनेरा करीत नागपुरास पोहोंचला. १८७० सालीं खामगांवचा फांटा उघडण्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. जीन आणि प्रेस उभे राहिले. ज्या घरीं बैलगाडी आणि छकडा होता तेथें प्रवासास रेंगी आणि दमणी आली. शहरांतील वकील आणि व्यापारी टांगा, बग्गी ठेवूं लागले, आणि विसाव्या शतकांत त्याच दारांत मोटार येऊन उभी राहिली. बैलांच्या जोडीची निवड ज्या बारकाईनें होई, त्याच बारकाईनें मोटारीची कंपनी, तिचा रंग आणि तिचा भोंगा यांची चर्चा घरोघर होऊं लागली.

परंतु कापसानें दिलेलें कापसानेंच काढूनही नेलें. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत कापसाचे भाव कोसळले. त्यापाठोपाठ दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. कोळशाच्या गॅसवर मोटारगाड्या चालवाव्या लागल्या. हौसेच्या वाहनाचा स्वभाव अशा काळांत कळून येतो. शेत पडीक राहिलें तरी शेतच राहतें. सोनें पेटींत ठेविलें तर झिजत नाहीं. वाहन मात्र उभ्या उभ्या खातें. घोड्यास चंदी लागते, मोटारीस तेल, रबर आणि जाणता मिस्त्री लागतो. म्हणून वाहनाचा संग्रह हें म्हातारपणाच्या ठेवीचें साधन म्हणून फार भरवशाचें नाहीं. त्यास धनी धडधाकट असावा लागतो.

ह्या गोष्टीचें फार बोलकें उदाहरण ज्या माणसाच्या आयुष्यांत दिसतें, त्याचा जन्म आपल्या अमरावतीचा. चित्रपटसृष्टींत भगवानदादा या नांवानें ओळखले गेलेले भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजीं अमरावतीस झाला. वडील मुंबईस कापडगिरणींत कामगार. मुलानेंही आरंभीं मजुरी केली. मूकपटांच्या अखेरच्या काळांत ते पडद्यावर आले. गिरणगांवच्या प्रेक्षकांस आवडणारे मारामारीचे स्वस्तांतले चित्रपट त्यांनीं काढले. १९४२ सालीं त्यांनीं स्वतःची चित्रसंस्था स्थापिली आणि १९४७ सालीं चेंबूरला स्टुडिओ उभा केला. १९५१ सालीं आलेल्या ‘अलबेला’ ह्या चित्रपटानें त्यांस कळसास नेलें. त्यांत गीता बाली नायिका होत्या, संगीत सी. रामचंद्र यांचें होतें, आणि भगवानदादांची ती साधी, ठेक्यांतली पावलें देशभर मुलांच्या तोंडीं आणि पायीं खेळूं लागलीं.

ह्या भरभराटीच्या काळांत जुहूस पंचवीस खोल्यांचा बंगला आणि सात मोटारी, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक, असें त्यांचें वैभव सांगितलें जातें. पुढें चित्रपट चालेनात. किशोरकुमारांना घेऊन आरंभिलेला ‘हँसते रहना’ हा चित्रपट पुराच झाला नाहीं आणि त्यांत त्यांची पुंजी बुडाली. बंगला गेला, मोटारी गेल्या. दादरच्या एका चाळींतील खोलींत त्यांनीं उरलेलें आयुष्य काढलें. मिळतील तीं लहानसान कामें ते करीत राहिले. वैभवांतले बहुतेक सोबती पांगले, सी. रामचंद्र, ओमप्रकाश आणि गीतकार राजेंद्रकृष्ण हे मात्र चाळीच्या पायऱ्या चढून भेटीस येत, असें त्यांच्याविषयीं लिहिलेलें आढळतें. ४ फेब्रुवारी २००२ रोजीं, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं, दादरच्या राहत्या घरींच हृदयविकारानें त्यांचें निधन झालें.

श्रोतेहो, ह्या कथेंत ‘लक्ष्मी चंचल असते’ एवढाच बोध शोधूं नये. हिशेब पाहावा. त्या मोटारी विकल्या गेल्या त्या म्हातारपणाच्या सोयीसाठीं नव्हे, धंद्याच्या ओढींत. जेव्हां खरोखर वृद्धापकाळ आला तेव्हां विकावयास कांहीं उरलेंच नव्हतें. सातांपैकीं दोन मोटारींची किंमत जरी वेळीं बाजूस पडली असती, तरी अखेरचीं वर्षें थोडीं सुखाचीं झालीं असतीं. हा दोष त्या उमद्या कलावंताचा म्हणून मी सांगत नाहीं. ज्याच्या ज्याच्या दारीं हौसेचीं वाहनें आहेत, त्या प्रत्येक घरासाठीं सांगतों.

दुसरें उदाहरण दूरदेशचें आहे. परंतु तेथें बापाच्या मोटारी विकणारी मुलगीच होती. फ्रान्समधील मोल्सहाइम येथें एतोर बुगाती हा नामांकित मोटारकार होऊन गेला. राजेरजवाड्यांसाठीं त्यानें ‘रोयाल’ नांवाची प्रचंड मोटार काढली. पंचवीस करण्याचा त्याचा बेत होता. मंदी आली आणि सहाच झाल्या. त्यांतल्या तिघींसच गिऱ्हाइक मिळालें. बाकीच्या घरींच राहिल्या. महायुद्धांत जर्मनांच्या हातीं पडूं नयेत म्हणून त्या भिंत बांधून दडविल्या होत्या. १९४७ सालीं बुगाती वारला. १९५० सालीं त्याच्या मुलीनें दोन मोटारी एका अमेरिकन शौकिनास दिल्या. किंमत म्हणून थोडे फ्रँक आणि त्या काळीं फ्रान्समध्यें दुर्मिळ असलेलीं दोन बर्फाचीं कपाटें घेतलीं, असें सांगतात. त्याच दोहोंपैकीं एक मोटार १९८७ सालीं लंडनच्या लिलावांत पंचावन्न लाख पौंडांस गेली.

हें ऐकून पुष्कळ म्हणतील, ‘थांबली असती तर!’ पण सदतीस वर्षें कोण थांबूं शकतें? युद्धानें पोळलेल्या घराची गरज १९५० सालीं होती, १९८७ सालीं नव्हे. दुखणेंही बाजाराची वाट पाहत नाहीं. वडिलांच्या मोटारीस पुढें केव्हां तरी लाखों येतील म्हणून आज त्यांच्या उशाशीं माणूस न ठेवणें, याला व्यवहारज्ञान म्हणतां येणार नाहीं.

आपल्याकडील बाजारही समजून घ्यावा. जुन्या संस्थानिकांचे तनखे १९७१ सालीं बंद झाले आणि पुष्कळ राजवाड्यांतल्या मोटारी बाहेर पडल्या. त्या भराभर परदेशीं जाऊं लागल्यामुळें १९७२ सालीं सरकारनें अशा मोटारींच्या निर्यातीस बंदी घातली. त्यामुळें गिऱ्हाइक देशांतच शोधावें लागलें आणि तें थोडें असतें. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत राखलेल्या खाजगी वाहनांसाठीं वेगळ्या नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये, आणि मुदत दहा वर्षांची. कागद चोख असलेली गाडी आणि कागद हरवलेली गाडी यांच्या किंमतींत मोठा फरक पडतो, आणि ते कागद कोणत्या कपाटांत आहेत हें बहुधा वडिलांनाच ठाऊक असतें.

कायद्याचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. गाडी वडिलांच्या नांवावर असेल तर परिवहन कचेरींत, मग ती अमरावतीची असो वा अकोल्याची, हस्तांतराच्या कागदांवर सही त्यांचीच लागते. त्यांनीं मुलास मुखत्यारपत्र दिलें असेल, तरी १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें, देणाऱ्याची बुद्धि भ्रष्ट होतांच मुखत्यारी संपते. म्हणजे वडिलांस विस्मृति जडल्यावर गाडी विकूं म्हणणाऱ्या मुलास न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. उलट, वडिलांच्या बाजूनेंही कायदा उभा आहे. १९५६ च्या कायद्यानें हिंदु मुलगा आणि मुलगी या दोघांवरही निराधार वृद्ध आईबापांच्या पोषणाचें बंधन घातलें. २००७ च्या कायद्यानें सर्व धर्मांच्या ज्येष्ठांसाठीं उपविभागीय अधिकाऱ्यापुढें दाद मागण्याची सोय केली. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, मग ती स्थावर असो वा जंगम, सांभाळ न केल्यास परत घेतां येते, असेंही त्यानें ठरविलें. मोटार ही जंगम मालमत्ताच आहे.

ह्या सर्व इतिहासांतून मला एकच गोष्ट निष्पन्न होतांना दिसते. पित्याचें वाहन तो जिवंत असेपर्यंत त्याचें आहे. तें विकण्याचा विचार त्याच्यापासून लपवून करूं नये, आणि तो विचार पुढेंही ढकलूं नये. वडिलांची बुद्धि जागी आहे, हात सही करितो आहे, कोणती गाडी कोणत्या सालीं कोणाकडून घेतली हें ते सांगूं शकतात, तोंवरच त्यांच्याजवळ बसून यादी करावी. कोणती आधीं द्यावी, कोणती शेवटपर्यंत ठेवावी, हें त्यांनींच ठरवावें. गिऱ्हाइक आलें तर त्याच्याशीं त्यांनाच बोलूं द्यावें. आपली गाडी जाणत्याच्या हातीं गेली हें समाधान पैशाइतकेंच मोलाचें आहे. आलेली रक्कम त्यांच्या नांवें बँकेंत ठेवावी, आणि शुश्रूषेच्या खर्चाची वही सर्व भावंडांपुढें उघडी असावी. असें केलें म्हणजे विक्रीस विश्वासघाताची छटा येत नाहीं, आणि मागें भावांभावांत वाद उरत नाहींत.

ज्या गाडींत बसवून बापानें मुलांस शाळेस, जत्रेस, लग्नकार्यास नेलें, ती गाडी विकतांना घरांतल्या प्रत्येकाचा जीव थोडा कासावीस होणारच. तें स्वाभाविक आहे. पण वाहनाचें काम धन्यास वाहून नेण्याचें. रस्त्यावरून नेण्याचें तिचें काम संपलें असेल, तर आयुष्याचा उरलेला अवघड पल्ला तरी तिच्या मोलानें त्यांस सुखानें पार करूं द्यावा.